सिकलसेल निदानातील आलेखवाचन

रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार यंत्राने वेगळे करून त्यांच्या आलेखावरून सिकलसेलचा (लाल पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण कोण आणि वाहक (दोष अंगी असूनही आजारी नसलेला) कोण हे ठरवण्याची पद्धत. नागपुरात तिला विशेष महत्त्व आहे. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडचे पेशंट आजही नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत येतात.

पहिली सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणीही नजरेनेच वाचतात. नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलसेलचे एस हिमोग्लोबिन आहे. माणूस आजारी आहे की नुसता वाहक, हे मात्र नळीवरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी ही यंत्रावरची तपासणी करतात. यात रक्ताचे द्रावण दाबाखाली कॉलममधून, म्हणजे खास भरण असलेल्या नळीतून, जाते आणि प्रत्येक प्रकार आपापल्या वेळी बाहेर पडतो. आलेखात आडवी वेळ, उभे प्रमाण. वाहकात ए (नेहमीचे हिमोग्लोबिन) आणि एस अशी दोन शिखरे येतात, त्यात एसचे बहुधा ठेंगणे. रुग्णात एचे शिखर नसते. एस उंच असते आणि सोबत एफ (गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन). विदर्भातल्या रुग्णांत हे एफ बऱ्याचदा ठळक असते, आणि त्यामुळे आजाराची तीव्रता काहीशी कमी राहते.

खरी कसोटी पुढे लागते. यंत्र शिखराला नाव देते ते केवळ वेळ पाहून. त्याच सुमारास बाहेर पडणारे दुसरे दुर्मिळ प्रकारही असतात, म्हणून सोल्युबिलिटीशी ताळा पाहावा लागतो. नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णात दात्याचे ए दिसते आणि आलेख वाहकासारखा भासतो. रक्त कधी चढवले, हा साधा प्रश्न अर्जावर नसेल तर अनुभवी माणूसही चकतो. एस-बीटा थॅलसेमियाचा (सिकलसेल आणि थॅलसेमिया हे दोन रक्तदोष एकत्र आलेल्या आजाराचा) एक प्रकार तर सिकलसेल रुग्णाच्या आलेखाशी जवळजवळ जुळतो. तिथे लाल पेशींचा आकार आणि ए-२ या आणखी एका हिमोग्लोबिनचे प्रमाण बघतात. तरीही उलगडा झाला नाही, तर आईवडिलांचे रक्त तपासतात. एक पालक सिकलसेल वाहक आणि दुसरा थॅलसेमियाचा वाहक निघाला, की गुंता सुटतो.

नवजात बाळाच्या आलेखात एफचाच डोंगर असतो. ए आणि एस पायथ्याशी बारीक दिसतात. अशा बाळाची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करतात.