सायन्स आणि आर्ट्सच्या मधली भिंत कधी आली? ठाणे-नवी मुंबईच्या आसपासच्या संशोधनाची पार्श्वभूमी

दहावीचा रिझल्ट लागला की ठाण्यात घरोघरी तीच चर्चा, सायन्स घेणार का कॉमर्स, आणि मुलगी आर्ट्स म्हणाली की काका-मामा सगळे विचारतात, "मग पुढे करणार काय?" या प्रश्नामागे एक समज घट्ट बसलेला असतो, की रिसर्च म्हणजे लॅब, पांढरा कोट, मायक्रोस्कोप, आणि इतिहास, भाषा, समाजशास्त्र म्हणजे नुसतं वाचायचं आणि पेपरात लिहायचं. मला हा समज मनापासून खटकतो. आपल्या भागात संशोधन कसं सुरू झालं ते बघितलं तर ही वाटणी बरीच नंतरची आहे, आणि ती संशोधन करणाऱ्यांनी केलेलीच नाहीये.

ठाण्यापासूनच सुरुवात करतो. आज जिथं सेंट्रल जेल आहे तो ठाण्याचा किल्ला, तिथं १७८७ च्या सुमारास बांधकामासाठी खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ.स. १०१७ मध्ये, दिलेल्या जमिनीचं दानपत्र. जनरल कारनॅक यांच्यामार्फत ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेलं, रामलोचन पंडितांनी अर्थ लावून दिला आणि सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. म्हणजे भारतातल्या छापील संशोधनाच्या अगदी पहिल्या पानांमध्ये ठाणं आहे, आणि हे आपल्याकडे फारसं कुणी सांगतच नाही.

आता असा ताम्रपट हातात आला की नुसतं संस्कृत येऊन भागत नाही. लिपी जुनी असते, गावांची नावं बदललेली असतात, आणि तारीख शक, संवत्सर, तिथी, कधी ग्रहण अशा भाषेत दिलेली असते, ती आजच्या कॅलेंडरवर आणायची तर चंद्र-सूर्याचं गणित करावं लागतं. ते गणित ज्यांनी बसवलं त्यात शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं नाव फार मोठं, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शाळामास्तराचा, आणि जुन्या लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी गुप्तकाळातले लेख संपादित केले तेव्हा त्या तारखांचा हिशोब दीक्षितांनी करून दिला, पुढे १८९६ मध्ये रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर भारतीय कालगणनेवरचं पुस्तक केलं. आता याला सायन्स म्हणायचं का इतिहास? गणित चुकलं तर राजाचा काळ चुकतो, आणि लेख नीट वाचला नाही तर गणिताला आकडेच मिळत नाहीत.

त्या पिढीत अशी माणसं बरीच होती. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, महारोगावर औषध शोधण्यात त्यांची वर्षं गेली, आणि तेच भाऊ दाजी अजिंठ्याचे लेख वाचत होते, जुनी नाणी गोळा करत होते आणि त्यावर एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचत होते. त्यांच्याकडे काम करून तयार झालेले भगवानलाल इंद्रजी. १८८२ मध्ये भगवानलाल यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, नालासोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती, करंडकात एकात एक बसवलेल्या डब्या, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं आणि मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत अशी समजूत होती. पण स्तूप कुठल्या काळात बंद झाला याचा अंदाज बांधायला त्या सगळ्यात जास्त कामाचं ठरलं ते नाणं, कारण नाण्यावर राजाचं नाव असतं. श्रद्धेचा विषय असलेल्या जागेत पुराव्याकडे एवढं शांतपणे बघणं, यासाठी मला भगवानलाल यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

याच काळात कुलाब्याला एकदम वेगळ्या तऱ्हेचं संशोधन चाललं होतं. तिथली वेधशाळा १८२६ ची, १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या, आणि बाळशास्त्री जांभेकर, हो, दर्पणवालेच, तेही काही काळ या वेधशाळेचे प्रमुख होते. काम म्हणजे काय, टांगलेल्या चुंबकाची पट्टी किती हलली ते ठरलेल्या वेळी बघायचं आणि वहीत लिहायचं, रात्री पण, पावसात पण, वर्षानुवर्षं. त्यातून लगेच काहीच निघत नाही, शोध लागला म्हणून पेपरात बातमी येत नाही. २ सप्टेंबर १८५९ च्या आसपास सूर्याकडून जबरदस्त चुंबकी वादळ आलं, युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, आणि कुलाब्याच्या माणसांनी नेहमीसारखी आपली नोंद केली. त्या नोंदी घेऊन २००३ मध्ये, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, शास्त्रज्ञांनी पेपर लिहिला, कारण त्या वादळात पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला म्हणजे ते मोजायचं एकक) खाली गेलेलं कुलाब्याच्या नोंदीत दिसत होतं. आज सॅटेलाइट आणि वीजपुरवठ्याला असल्या वादळाचा किती धोका आहे याचा अंदाज बांधताना जगभरात ते वादळ धरलं जातं, आणि त्यातला एक महत्त्वाचा आकडा कुलाब्याच्या वहीतला आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्या विजेने चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून चुंबकी मोजमाप अलिबागला हलवायचं ठरलं. नानाभाई मूस तेव्हा प्रमुख होते, त्यांनी १९०४ ला अलिबाग सुरू केलं, पण कुलाबा लगेच बंद नाही केलं, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवता येतील. साधी गोष्ट वाटते पण ती केली नसती तर १८४१ पासूनची साखळी तिथंच तुटली असती. ही परंपरा आज सांभाळते ती भारतीय भूचुंबकत्व संस्था, तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. रोज त्या बाजूने जाणाऱ्या किती लोकांना हे माहीत असेल!

मग भिंत आली कुठून? माझ्या मते परीक्षेतून, आणि नंतर पैशांच्या वाटणीतून. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे मुख्य काम परीक्षा घेणं आणि डिग्री देणं, शिकवायचं कॉलेजांनी, आणि संशोधन हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची आणि संशोधन करायची वाट मोकळी झाली, तरी मुंबईत समाजशास्त्राचा विभाग यायला १९१९ उजाडलं, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख, नंतर घुर्ये. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास असे लोक तयार झाले. केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग १९३३ चा. प्रत्येक विभागाचा सिलॅबस वेगळा, पेपर वेगळे, नोकऱ्या वेगळ्या. स्वातंत्र्यानंतर सायन्सचा मोठा पैसा विद्यापीठांकडे न जाता स्वतंत्र संस्थांकडे गेला, आपल्या खाडीपलीकडचं ट्रॉम्बे हे त्याचं ठळक उदाहरण, अणुऊर्जेचं केंद्र तिथं १९५४ पासून. सामाजिक शास्त्रांसाठी वेगळी परिषद यायला १९६९ लागलं आणि इतिहासासाठी १९७२. एवढ्या अंतराने उभ्या राहिलेल्या गोष्टी एकाच घरातल्या वाटणारच नाहीत, आणि तेच झालं, आणि मला वाटतं नुकसान दोन्ही बाजूंचं झालं.

तरीपण काही माणसं ही भिंत न मानता काम करत राहिली. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने येऊन-जाऊन करायचे. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशिकतेत जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं, ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. आणि हाच माणूस तराजू घेऊन जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारून केलेली प्राचीन नाणी, तोलत बसायचा, हजारो नाणी. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, वजन थोडं थोडं कमी होतं, मग एका साठ्यातली नाणी तोलून कुठलं आधीचं कुठलं नंतरचं हे संख्याशास्त्राने सांगता येतं. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली ती वेगळीच, त्यात ढीगभर हस्तलिखितं ताडून बघायची असतात.

आता शेवटचं, कारण ते नवी मुंबईत आहे आणि जिवाशी संबंधित आहे. डॉ. व. रा. खानोलकर, पॅथॉलॉजिस्ट. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एकामागून एक आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा छापला. इथं मायक्रोस्कोप एकटा पुरत नाही. माणूस तंबाखू खातो का, पानात घालतो का, कुठल्या समाजात कुठली सवय आहे हे विचारावं लागतं, आणि ते विचारायला लोकांमध्ये बसून बोलता यायला लागतं, म्हणजे जे काम समाजशास्त्रवाले करतात तेच. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कॅन्सर संशोधनाची संस्था उभी राहिली, तीच २००२ मध्ये खारघरला आली, ॲक्ट्रेक म्हणून आपण ओळखतो ती.

त्याच संस्थेत कमल रणदिवे होत्या, टिश्यू कल्चरची लॅब उभी करणाऱ्या, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून, वाढवून अभ्यासायच्या. त्या पेशींना वेळेवर खाद्य बदलून द्यावं लागतं, रविवार असो की दिवाळी. आणि अशी लॅब सांभाळणाऱ्या बाईचं घर कोण बघणार, हा प्रश्न त्यांनी नुसता बोलून दाखवला नाही. १९७३ मध्ये त्यांनी इतर बायकांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, तिचं मुख्य ऑफिस वाशीला आहे, आणि विज्ञानाच्या कार्यक्रमांबरोबरच त्या संघटनेने तिथं नोकरी करणाऱ्या बायकांसाठी हॉस्टेल आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं.