खरे की खोटे?

गेल्या श्रावणात परळच्या आमच्या चाळीत भाचीच्या मुलाचं बारसं होतं. घुगऱ्यांचे द्रोण वाटून होतायत तोच जिन्यात टाळी वाजली. तळव्यावर तळवा, बोटं फाकलेली. ती टाळी मुंबईत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दोघी वर आल्या, एकीच्या गळ्यात ढोलकी. दुसरीनं बाळाला मांडीवर घेतलं, एक गाणं म्हटलं, दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. मावशीनं सुपात तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या आणि वाकून नमस्कारही केला. त्या जिना उतरल्या न उतरल्या तोच म्हणाली, "ते आलं की नाही म्हणता येत नाही रे. पण आता खरे कुठे राहिलेत? सगळे खोटे."

मी विचारलं, "खरे म्हणजे कसे गं?"

"म्हणजे... जन्मापासूनचे."

"आणि ते तू कसं ओळखणार?"

मावशी द्रोण गोळा करायला लागली.

हा प्रश्न मावशीच्या डोक्यातून आलेला नाही. लोकलमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीत मी तो शेकडो वेळा ऐकलाय, स्वतः विचारलाही असेल. त्याची जुनी कागदपत्रं शोधत गेलं की तो आधी सरकारनं विचारलेला सापडतो.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे पारधी, कैकाडी, बेरड यांच्या संदर्भात आठवला जातो. त्याचा दुसरा भाग मात्र हिजड्यांबद्दल होता, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्यात व्याख्या अशी होती की जो स्वतः नपुंसक असल्याचं कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत जो तसा उघड दिसतो, तो या कायद्याच्या कक्षेत. म्हणजे एक तर कबुली द्या, नाही तर डॉक्टरपुढे उभे राहा. खऱ्याखोट्याची ही पहिली छापील कसोटी. मुलं पळवण्याचा किंवा ३७७ कलमाखालच्या, म्हणजे 'अनैसर्गिक' संभोगाच्या, गुन्ह्याचा संशय असलेल्यांची नावं आणि मालमत्ता रजिस्टरात चढायची. नाव चढलं की बायकी कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणं हा गुन्हा, त्यासाठी वॉरंटही लागत नसे. घरात सोळा वर्षांखालचा मुलगा ठेवला तर दोन वर्षांपर्यंत कैद. मुलगा दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे.

"मुलं पळवून नेतात, लपव बाळाला" हे वाक्य आमच्या चाळीत माझ्या लहानपणीही होतं. सांगणाऱ्या एकाही बाईनं असं पळवलेलं मूल पाहिलेलं नव्हतं. पोलिसांच्या संशयाला कायद्यात जागा मिळाली की तो पुढे आजीच्या गोष्टीत राहायला येतो.

त्या काळातला एक खटला बारशाच्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. खैराती नावाची व्यक्ती बाईच्या वेषात एका कुटुंबातल्या बायकांमध्ये बसून गात होती. पोलिसांनी पकडलं, सिव्हिल सर्जननं शरीर तपासलं, सत्र न्यायालयानं ३७७ खाली शिक्षा दिली. १८८४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर घडला हे फिर्यादी पक्षाला सांगताच आलं नव्हतं. बायकांमध्ये बसून गाणं एवढंच घडलं होतं. आमच्या चाळीत त्या दोघींनी केलं, तेच.

कायद्याचा तो भाग मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला. मुंबई इलाख्यातली कहाणी वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त बोचरी. पेशवाईत दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे सनदा होत्या: गावोगाव फिरून भिक्षा घेण्याचा हक्क, तोही गुरूकडून चेल्याकडे जाणारा. जोशाला, गुरवाला, परटाला बलुतं मिळावं तसं यांचंही गावावर काहीतरी होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई सरकारनं असल्या हक्कांना संरक्षण द्यायचं बंद केलं. मागणं चालूच राहिलं. त्याच्यामागचा कागद तेवढा गेला.

उरलेलं काम स्वतंत्र झाल्यावर आपणच केलं. मुंबईच्या १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं यांच्या निमित्तानं पैसे घेणं हीसुद्धा भीक. पहिल्यांदा दोषी ठरलात तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. तेव्हा लोकलच्या डब्यात कुणी "काम का करत नाहीत हे लोक?" म्हणालं की मला त्या सनदा आठवतात. आणि एक साधी गोष्टही आठवते. घरभाड्याची पावती आणि शाळेचा दाखला या दोन कागदांवाचून या शहरात नोकरीच्या दारापर्यंतही पोचता येत नाही. घरातून बाराव्या-तेराव्या वर्षी बाहेर पडलेल्या, मग मालवणीत किंवा कामाठीपुऱ्यात एखाद्या गुरूच्या आसऱ्याला आलेल्या मुलीकडे ते कुठून असणार?

आता भाषेकडे. मावशीनं "ते आलं" म्हटलं. मराठीत नपुंसकलिंग आहे. लेकरू, वासरू, पोर यांना ते मायेनं लागतं. मोठ्या माणसाला लागलं की त्यात माया राहत नाही. सरकारी शब्द तृतीयपंथी, जणू हा वारकरी किंवा महानुभावांसारखा एखादा पंथ आहे आणि लोक दीक्षा घेऊन त्यात जातात. हल्ली पारलिंगी असाही शब्द वापरतात, तो अजून लेखी भाषेतच जास्त आहे. "हिजडा" ही त्या समाजाची स्वतःची ओळख आणि रस्त्यावरची शिवी दोन्ही आहे. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या नावातच तो शब्द ताठ मानेनं आला, तेव्हा मराठी वाचकाला तो उच्चारताना पहिल्यांदा थोडं थबकावं लागलं. आणि आपल्या मोर्चेकऱ्यांचं काय? काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात, डावे-उजवे सगळेच. बांगडी भरलेला पुरुष म्हणजे नालायक, हा विनोद ज्यांना अजून कळतो त्यांनी मावशीला हसू नये.

या पार्श्वभूमीवर १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरचा) वाचायला हवा. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी म्हटलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं सांगायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. कबुली किंवा तपासणी ही १८७१ ची कसोटी तिथे मोडीत निघाली. पण जुनी खोड लगेच जात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेनं संमत केलेल्या तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या विधेयकात जिल्हा छाननी समिती होती, वैद्यकीय अधिकाऱ्यासकट. विरोध झाला, २०१९ च्या कायद्यातून ती गेली. तरी स्त्री किंवा पुरुष असं प्रमाणपत्र हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला त्या कायद्यानं मागितलाच.

मुंबईत त्यानंतर घडलेल्या काही गोष्टी छोट्या वाटतील. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत झाल्या. त्याआधी २०१७ मध्ये त्या आई म्हणून एका जाहिरातीत दिसल्या होत्या. ज्या कायद्यानं दत्तकाला बंदी घातली त्याला तेव्हा दीडशे वर्षंही झाली नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात तिसरा रकाना हवा, हे मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला सुनवावं लागलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात "इतर" या रकान्यात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंदलेले पुरुष, तर या सगळ्या गप्पांत कुठेच नसतात. ते टाळी वाजवत नाहीत, दारात येत नाहीत, म्हणून मावशीच्या हिशेबी ते खरेही नाहीत आणि खोटेही नाहीत.

यातलं थोडंफार मी मावशीला सांगितलं. १८७१ वगैरे तिनं ऐकून घेतलं, चहा गाळता गाळता. "मग आता काय पाया पडून माफी मागू?" म्हणाली. नमस्कार तर तिनं आधीच केला होता, हे मी बोललो नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अरे, परवा ते... ती आली होती, ढोलकीवाली. बाळाची चौकशी करत होती. माझ्याकडे सुटे नव्हते, तर म्हणाली राहू दे आई, पुढच्या वेळी." मग आवाज खाली आणून, "आणि ही खरी आहे हं, मी नीट बघितलं."