समाजमाध्यमांद्वारे कर्करोग-तपासणीचे लोकशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तींची ठरावीक वयानंतर तपासणी करून कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था वेळीच शोधून काढणे, याला कर्करोगाचे स्क्रीनिंग म्हणतात. त्याविषयीची माहिती व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्राम या माध्यमांतून पोहोचवून लोकांना तपासणीसाठी प्रवृत्त करण्याच्या पद्धतीचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हल्याळ, कारवार, बिदर, भालकी या कर्नाटकातील मराठीभाषक पट्ट्याचा, त्यातही मुख्यतः बेळगाव जिल्ह्याचा, संदर्भ येथे घेतला आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंडाच्या कर्करोगासाठी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, दर पाच वर्षांनी तपासणी करणे अपेक्षित आहे. या तपासण्या साध्या आहेत. तोंड उजेडात नीट पाहिले जाते. स्तनांची तपासणी प्रशिक्षित सेविका किंवा डॉक्टर हाताने करतात. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून सुमारे एक मिनिटाने तेथे पांढरा डाग उमटतो का, हे पाहिले जाते. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाची, तर जेमतेम ०.९ टक्के स्त्रियांनी स्तनांची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. ही दरी मोठी आहे आणि केवळ साधनांच्या अभावाने ती पडलेली नाही.

तपासणीने जीव वाचतात, याचे भक्कम पुरावे मराठी मुलखातूनच आलेले आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून केलेल्या दीर्घ अभ्यासात, प्राथमिक प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ॲसेटिक आम्लाची तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १.३ लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात (२००९) एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटातील या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे आढळले. या दोन्ही कामांत माणसे प्रत्यक्ष घरी जाऊन बोलली होती, हे विसरता कामा नये. समाजमाध्यम त्या भेटीची तयारी करू शकते, तिची आठवण देऊ शकते, तिच्यानंतरच्या शंकांना उत्तर देऊ शकते. भेटीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

सीमाभागात या कामाला एक विशेष अडचण येते. शासकीय आरोग्यसाहित्य प्रामुख्याने कन्नडमध्ये निघते. घरी मराठी बोलणाऱ्या आणि मराठी शाळेत शिकलेल्या अनेक स्त्रियांना बोललेली कन्नड समजते, पण छापील मजकूर सहज वाचता येत नाही. मराठी चित्रफिती आणि संदेश भरपूर मिळतात. मात्र ते पुण्या-मुंबईचे असतात आणि त्यांत महाराष्ट्रातील योजनांची, रुग्णालयांची व मदत क्रमांकांची माहिती असते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला असला, तरी तपासणीची पहिली पायरी ही गावचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरातील नम्म क्लिनिक (कर्नाटक शासनाचा शहरी दवाखाना) किंवा बेळगावचे जिल्हा रुग्णालय हीच राहते. म्हणून येथील संदेशाची भाषा मराठी आणि पत्ता कर्नाटकातला असणे, ही या लोकशिक्षणाची मूलभूत गरज होय. अथणी, चिकोडी, निपाणी भागांतील कुटुंबे उपचारासाठी मिरज, सांगली, कोल्हापूरकडेही जातात. पुढील उपचाराची माहिती देताना दोन्ही बाजूंचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरते.

दुसरे वैशिष्ट्य तंबाखूचे. निपाणी परिसरात तंबाखूचा व्यापार आणि विडी-उद्योग यांवर अनेक घरांची चूल पेटत आली आहे. तेथे केवळ तंबाखूचा धिक्कार करणारा संदेश पोटावर घाव घातल्यासारखा वाटतो, तर ‘तोंड एकदा दाखवून घ्या’ हा संदेश ऐकून घेतला जातो. शिवाय सिगारेट किंवा गुटख्याचे चित्र आणि पुरुषाचा चेहरा दाखवणाऱ्या चित्रफितीत मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणारी आजी स्वतःला पाहत नाही. मिश्री ही दात घासण्याची वस्तू आहे, अशीच तिची समजूत असते. मिश्रीचे नाव घेऊन, तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण, पांढरे किंवा लाल चट्टे आणि तोंड उघडण्यास होणारा त्रास यांची ओळख करून देणारी छोटी मराठी चित्रफीत येथे अधिक उपयोगी पडते. अशी लक्षणे दिसल्यास पुढच्या शिबिराची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जायचे असते, तर स्क्रीनिंग काहीच त्रास नसताना करून घ्यायचे असते; हा भेद बहुसंख्य संदेशांत सुटतो आणि ‘मला काही होत नाही, मग कशाला जायचे?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

ग्रामीण भागात फोन बहुधा घराचा असतो, बाईचा नसतो. वरील सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशाच्या शहरी भागात ५१.८ टक्के, तर ग्रामीण भागात २४.६ टक्के होते. अंगावरून जाणे किंवा स्तनातील गाठ यांविषयीचा संदेश नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येणार, या संकोचाने तो ऐकलाच जात नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात तर रेंजचीच अडचण असते. अशा ठिकाणी आशा कार्यकर्तीने चित्रफीत आधी उतरवून घेऊन ती बचत गटाच्या बैठकीत किंवा हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना दाखवावी आणि तेथेच प्रश्नोत्तरे व्हावीत, हा मार्ग परिणामकारक वाटतो. तपासणी कोण करणार, ती बाईच असणार का, दुखेल का आणि पाळीच्या दिवसांत यावे की नाही, हेच प्रश्न तेथे खरे असतात.

बेळगाव शहरात माहितीचा तुटवडा नाही, गोंधळ आहे. खासगी ‘पॅकेज’च्या जाहिराती निरोगी माणसालाही ट्यूमर मार्करच्या (कर्करोगाशी संबंधित रक्तातील घटकांच्या) रक्तचाचण्या करून घेण्यास सुचवतात, पण सर्वसामान्य निरोगी लोकांमध्ये त्यांचा तपासणी म्हणून उपयोग सिद्ध झालेला नाही. बायोप्सीने (गाठीचा लहान तुकडा काढून तपासल्याने) कर्करोग पसरतो, साखर सोडली की गाठ विरघळते, असे संदेशही सर्रास फिरतात. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण अशा संदेशांना आळा घालण्यासाठी ओळखीच्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने त्याच गटात, त्याच दिवशी, साध्या मराठीत खुलासा करणे अधिक गरजेचे असते.

गोपनीयतेबाबत कोणतीही सवलत घेता येत नाही. शिबिरात आलेल्या स्त्रियांची छायाचित्रे गटावर टाकणे, कोणाचा अहवाल सदोष आला हे सूचित करणे किंवा गाठीचा फोटो मागवून निदान सांगणे, या गोष्टींमुळे एका गावातला विश्वास कायमचा तुटू शकतो. निकाल संबंधित व्यक्तीलाच, समक्ष किंवा तिने दिलेल्या क्रमांकावर सांगावा लागतो.

अशा मोहिमेचे यश किती जणांनी चित्रफीत पाहिली किंवा ‘लाइक’ केली, यावर मोजणे फसवे आहे. संदेशानंतर उपकेंद्रावर किती जणी आल्या, दोष आढळलेल्यांपैकी किती जणी तालुका किंवा जिल्हा रुग्णालयात पुढील तपासणीला पोहोचल्या आणि ज्या पोहोचल्या नाहीत त्यांना आशा कार्यकर्तीने पुन्हा गाठले का, याची नोंद उपकेंद्राच्या वहीत ठेवावी लागते.