पोटदुखी, सोनोग्राफी आणि लांबचं हॉस्पिटल

पोटाच्या सोनोग्राफीची गोष्ट एका बॉयलरच्या कारखान्यातून जाते. १९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कारखान्यात घेऊन गेले. तिथे धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधत. तुलनेला मांसाचा एक तुकडाही ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे निघाले. पुढे, जठराचा कॅन्सर हाताबाहेर गेलाय असं ठरवलेल्या एका बाईच्या पोटात या तंत्राने अंडाशयाची गाठ दाखवली. ती काढली आणि बाई वाचली. १९५८ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

त्यानंतर बराच काळ मशीन एका खोलीत आणि पेशंट तिच्या दारात, अशीच व्यवस्था होती. पोटदुखीत तर आतड्यातली हवा आडवी येते. हवेपलीकडचं काही दिसत नाही. १९८६ साली नेदरलंड्सचे रेडिओलॉजिस्ट पाउलार्ट यांनी साधी युक्ती मांडली: प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर टेकवायचा भाग, हळूहळू दाबत न्यायचा. हवा बाजूला सरते, निरोगी आतडं चपटं होतं, सुजलेलं अपेंडिक्स मात्र दबत नाही. पोट चाचपणाऱ्या हाताला जणू डोळे आले.

नव्वदच्या दशकात अपघाताच्या पेशंटसाठी ‘फास्ट’ तपासणी, म्हणजे आत रक्त साचलंय का हे झटपट बघणारी सोनोग्राफी, रूढ झाली. तिच्यातली एक महत्त्वाची जागा म्हणजे यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्यामधली फट. एरवी दोन्ही अवयव एकमेकांना चिकटून दिसतात. मध्ये काळी पट्टी दिसली तर तिथे द्रव साचलाय, आणि मार लागलेल्या माणसात तो बहुधा रक्तच.

मशीन खोलीबाहेर पडलं ते सैन्यामुळे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर सुरू झालेल्या कामातून १९९९ मध्ये सोनोसाइट कंपनीचं सुमारे अडीच किलोचं मशीन बाजारात आलं. पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात डॉक्टर नसलेल्या अंतराळवीरांनी जमिनीवरच्या तज्ज्ञांच्या सूचना ऐकत हीच ‘फास्ट’ तपासणी केली. याहून दुर्गम जागा कोणती?

मशीन खिशात मावायला लागलं, बघणारी नजर मात्र अजून सरावानेच तयार होते. म्हणून हॉस्पिटलपासून लांब मोजकेच प्रश्न विचारावेत: पोटात रक्त आहे का, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगलीय का, मूत्रपिंड तुंबलंय का, पित्ताशयात खडे आहेत का. अपेंडिक्स सापडलं नाही म्हणजे ते ठीक आहे, असं नव्हे. अशा पेशंटला घरी न सोडता काही तासांनी पुन्हा प्रोब लावतात, नाहीतर हवामान बिघडून वाट बंद व्हायच्या आत पुढच्या हॉस्पिटलात पाठवतात.