किती जणांना आवडला आणि किती आवडला

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईची भाचरं येतात आणि दोन दिवसांत सिनेमाचा विषय निघतो. मुलांना हवा असतो तो एका ठरलेल्या जातीचा सिनेमा: चौदा-पंधरा वर्षांची पोरं, मोठ्यांच्या लक्षात न आलेला कट, त्यामागचे गुंड, आणि शेवटी निव्वळ डोक्याच्या जोरावर पोरांनी त्यांना चारलेली धूळ. मग मोबाइल निघतात. भाचा ओरडतो, "मामा, नव्वद टक्क्यांच्या वर आहे!" मामी तिच्या मोबाइलवर बघून म्हणते, "अरे, इथे तर दहापैकी सहासुद्धा नाहीत." दोघांपैकी एक आकडा खोटा, कुणीतरी पैसे देऊन फुगवलेला, असं धरून पुढचा अर्धा तास वाद चालतो.

बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे असतात. पहिला सांगतो, किती जणांना आवडला. दुसरा सांगतो, किती आवडला. पोरांनी गुंडांना गुंडाळायच्या सिनेमात या दोन उत्तरांमधली दरी जेवढी रुंद होते, तेवढी फार थोड्या प्रकारच्या सिनेमांत होत असेल, म्हणून हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

टक्केवारी म्हणजे डोकी मोजणं. रॉटन टोमॅटोज हे अमेरिकी संकेतस्थळ १९९८ पासून हेच काम करतं. समीक्षकाचा लेख एकंदरीत सिनेमाच्या बाजूने आहे की विरोधात, एवढंच ठरवायचं. बाजूने असेल तर लाल टोमॅटो, विरोधात असेल तर हिरवा शिंतोडा. शंभर लेखांतले नव्वद बाजूने असले की झाले ९० टक्के. ज्याने लिहिलं "या वर्षातला सर्वांत चांगला सिनेमा" त्याचं एक मत, आणि ज्याने लिहिलं "चालण्यासारखा आहे, रविवार बरा जाईल" त्याचंही एकच मत. किमान ६० टक्के लेख बाजूने असतील तर सिनेमालाही लाल टोमॅटो मिळतो.

सरासरीत उलट असतं. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर प्रेक्षक १ ते १० यांतला आकडा देतो आणि त्या सगळ्यांतून एक आकडा निघतो. तो साधा भागाकार नसतो. ठरवून मतांचा ढीग ओतणाऱ्यांना आळा बसावा म्हणून मतांना कमी-जास्त वजन दिलं जातं, आणि ते नेमकं कसं देतात हे आयएमडीबी मुद्दाम उघड करत नाही. पण गाभा सरासरीचाच. दहा देणारा आणि सहा देणारा इथे एका मापाने मोजले जात नाहीत.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो त्याला गुणपत्रिका कारण आहे असं मला ठामपणे वाटतं. मध्य प्रदेश बोर्डात ३३ टक्क्यांना पास, ६० ला फर्स्ट डिव्हिजन, ७५ ला डिस्टिंक्शन. टक्का दिसला की आपण तो शंभरपैकी मिळालेले गुण म्हणूनच वाचतो, कारण पहिलीपासून तसंच वाचत आलोय. ९३ टक्के म्हटलं की डोळ्यांसमोर मेरिटमध्ये आलेला मुलगा उभा राहतो. प्रत्यक्षात त्या आकड्याचा अर्थ एवढाच असतो की शंभर परीक्षकांपैकी ९३ जणांनी त्याला पास केलं. काठावर पास केलं की पहिला नंबर दिला, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

घोळ वाढवायला मेटाक्रिटिक हे आणखी एक संकेतस्थळ आहे. तिथेही आकडा शंभरपैकीच असतो, पण तो टक्केवारी नसतो. समीक्षकांच्या मतांना गुणांत बदलून त्यांची सरासरी काढतात, काही समीक्षकांना जास्त वजन देऊन. सिनेमाला ६१ किंवा जास्त मिळाले की तिथे हिरवा रंग येतो. म्हणजे रॉटन टोमॅटोजवरचे ६१ आणि इथले ६१ दिसायला जुळे भाऊ, पण पहिल्याचा अर्थ "चाळीसेक टक्के समीक्षकांना आवडला नाही" आणि दुसऱ्याचा "बऱ्यापैकी आवडला". दोन्हीकडचे आकडे एकाच चित्रात शेजारी शेजारी लावून पुढे पाठवले जातात तेव्हा चुकणार कोण नाही?

आता जरा आकडेमोड करू या, कारण खरी गंमत तिथे आहे. रॉटन टोमॅटोजवर प्रेक्षकांची टक्केवारी वेगळी दाखवतात. तिचा नियम असा की पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणारा प्रेक्षक "आवडला" या बाजूला, त्याखालचा "नाही आवडला" या बाजूला. समजा घरातल्या दहा जणांनी एक सिनेमा पाहिला आणि दहाही जणांनी साडेतीन तारे दिले. टक्केवारी १००, सरासरी साडेतीन. दुसरा सिनेमा सहा जणांना इतका भावला की त्यांनी पाचपैकी पाच दिले, उरलेल्या चौघांनी दोन-दोन. टक्केवारी घसरून ६० झाली, पण सरासरी ३.८, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. आणि तिसऱ्या सिनेमाला दहाही जणांनी तीन तारे दिले तर? टक्केवारी शून्य. पहिल्यात आणि तिसऱ्यात दर डोई फक्त अर्ध्या ताऱ्याचा फरक आहे, आणि आकडा शंभरावरून थेट शून्यावर येतो.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर रॉबर्ट रॉड्रिग्जचा २००१ सालचा 'स्पाय किड्स' बघा. गुप्तहेर आई-वडील पकडले जातात आणि बहीण-भाऊ त्यांना सोडवायला निघतात. समोर मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचा लाडका सूत्रधार. या सिनेमाची समीक्षकांची टक्केवारी नव्वदीच्या पुढे आहे. आयएमडीबीवर मात्र तो सहाच्या खाली, आणि रॉटन टोमॅटोजवरच्या प्रेक्षकांची टक्केवारी निम्म्याच्या आसपास. तीन आकडे, तीन वेगळे चेहरे. समीक्षकांचं बरोबर होतं: मुलांसाठी काढलेला सिनेमा म्हणून त्यांनी तो तोलला आणि "हो, जमलाय" असं बहुतेकांनी म्हटलं. प्रेक्षकांतल्या ज्यांनी "ठीक होता" म्हणून तीन तारे दिले ते मात्र नियमाप्रमाणे "नाही आवडला" या रांगेत जाऊन बसले.

आणि ज्यांच्यासाठी हा सिनेमा होता ते कुठे आहेत? नऊ वर्षांचं पोर खातं उघडून तारे देत बसत नाही. सिनेमा संपल्यावर ते गॅलरीत जाऊन भावाला खुर्चीला बांधतं आणि सुटून दाखव म्हणतं, तेच त्याचं मत. तारे देतो तो त्याचा बाप, किंवा तेच पोर पंधरा वर्षांनी, जेव्हा त्याला संगणकावर केलेली दृश्यं कच्ची दिसू लागलेली असतात. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. पोरांच्या सिनेमाबद्दल पोरांचं मत कुठल्याच आकड्यात धड उतरत नाही, आणि तरी आपण पोरांना न विचारता आकड्यांना विचारतो.

याच सिनेमांत दरी का पडते

शेरास सव्वाशेर पोरांच्या सिनेमाबद्दल लोक काय बोलतात ते ऐका. "मुलांना मजा आली." "एकदा बघायला हरकत नाही." "सगळं बरं होतं, पण व्हिलन इतका बावळट कसा?" तिघांनाही नुसतं "आवडला का?" विचारलं तर तिघेही हो म्हणतील. दहापैकी किती विचारलं तर पहिला आठ देईल, दुसरा सहा, तिसरा कदाचित पाच. असा सिनेमा कुणाला दुखवत नाही, घाबरवत नाही, आजीपासून नातवापर्यंत सगळे शेजारी बसून बघू शकतात. त्यामुळे नाही म्हणणारे कमी निघतात आणि टक्केवारी चढते. जीव टाकणारेही कमीच निघतात, म्हणून सरासरी मध्येच अडकते.

तिसऱ्याच्या तक्रारीवर जरा थांबतो, कारण या जातीच्या सिनेमाचा सगळा कस तिथे लागतो. पोरांची हुशारी सिद्ध व्हायला समोरचा माणूस तयारीचा लागतो. खलनायक दार लावायला विसरला, किल्ल्या टेबलावर ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेला, कैद केलेल्या मुलांसमोर बेत सविस्तर सांगत बसला, तर पोरांनी त्याला हरवलं असं म्हणताच येत नाही, तो आपला आपणच हरला. बारा वर्षांच्या प्रेक्षकाला हा फरक कळतो. तो बोलून दाखवत नसेल, पण चांगली युक्ती तो आठवडाभर मित्रांना सांगत फिरतो आणि फुसकी युक्ती थिएटरच्या जिन्यातच विसरतो. मोठा माणूस फुसक्या युक्तीचे दोन गुण कापतो आणि तरी "छान होता" म्हणतो, कारण पोरं खूश आहेत आणि घरी जायचंय.

म्हणजे डोकी मोजणारा आकडा नेमका त्याच गोष्टीपाशी आंधळा होतो जिच्यावर हा सिनेमा उभा असतो. युक्ती पटली की नाही, हे सरासरीत थोडंफार उतरतं, टक्क्यात जवळपास नाहीच. इंदूरच्या 'सानंद' या मराठी संस्थेच्या नाटकाचा प्रयोग सुटल्यावर पायऱ्या उतरताना "कसं वाटलं?" विचारलं की दहातले नऊ जण "छान" म्हणतात. त्या नऊ "छान"मधलं एखादं नाटक लोक दहा वर्षांनी आठवतात, बाकीची नावंही राहत नाहीत.

आकडा कुणाच्या मतांचा

हा वेगळा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. रॉटन टोमॅटोजवर पूर्वी सिनेमा लागण्याआधीच "किती जणांना बघायचाय" याची टक्केवारी दिसायची. बघायची इच्छा आणि बघितल्यानंतरचं मत यांत लोकांची गल्लत होत होती, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये ती टक्केवारी काढून टाकली. त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मतं वेगळी मोजायला सुरुवात झाली. ही खात्री अमेरिकेतल्या तिकीट कंपन्यांकडून होते. तेव्हा इंदूरच्या ट्रेझर आयलंडमध्ये किंवा सपना-संगीता थिएटरला तिकीट काढून आपण सिनेमा बघितला तरी त्या खात्रीच्या आकड्यात आपलं मत येत नाही.

तिकडे सिनेमास्कोअर नावाची आणखी एक पद्धत आहे. पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांकडून ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी भरून घेतात. पहिल्याच रात्री धावत जाणारे मुळात उत्सुक असतात, म्हणून तिथे साधा बी मिळाला तरी धंदेवाले चिंतेत पडतात. आपण तोच बी शाळेच्या प्रगतिपुस्तकातला समजतो.

मग सुट्टीत बघायचं काय? आजी, मामा, मामी आणि पाच भाचरं असा काफिला निघणार असेल तर टक्केवारी कामाची. आठ माणसांत तोंड वाकडं करणारं कुणी निघू नये, एवढीच तेव्हा अपेक्षा असते, आणि टक्केवारी त्याचंच उत्तर देते. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांच्या टक्क्यावर बोट टेकवलं तर सरासरीही उघडते, तीही बघून ठेवावी. ९० टक्के आणि दहापैकी साडेसहा असेल तर सगळ्यांना जरा जरा आवडेल. ९० टक्के आणि साडेआठ असेल तर पोरं परत न्या म्हणून मागे लागतील, तयारी ठेवा.

एकट्याने, किंवा सिनेमाची खरी आवड असलेल्या एखाद्या भाचीबरोबर जायचं असेल तर आयएमडीबीवर कुठल्या आकड्याला किती मतं पडली त्याच्या पट्ट्या बघा. सहा-सात-आठवर एकच उंचवटा असेल तर तो सर्वांना चालणारा सिनेमा. दहावर एक उंच पट्टी आणि एकवर दुसरी असेल तर दोन तट पडलेत, आणि असा सिनेमा आपल्या जोखमीवर बघावा; मला स्वतःला हेच सिनेमे जास्त लक्षात राहिलेत. मात्र सिनेमा लागून दोनच दिवस झाले असतील आणि एकवरची पट्टी फार उंच असेल तर ती बऱ्याचदा सिनेमा न बघताच रागावलेल्यांची असते. आठवडाभर थांबावं, आकडा जागेवर येतो.

लेखी मतं वाचायची असतील तर पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून तीन तारेवाल्यांची वाचा. युक्ती कुठे पटली आणि कुठे नाही, हे तेच लिहितात.

आणि शेजारच्या सहावीतल्या पोराने तो सिनेमा आधीच बघितला असेल तर सगळ्यांत आधी त्याला गाठा. आवडला का, किती तारे, असं विचारू नका. "त्या पोरांनी गुंडांना कसं फसवलं ते सांग," म्हणा आणि त्याच्या सांगण्यात "मग अचानक" किती वेळा येतं ते मोजा. "मग अचानक पोलीस आले, मग अचानक लाइट गेली" असं चाललं असेल तर मोठ्यांनी घरी थांबून भाचरांना तेवढी तिकिटं काढून द्यावीत. "म्हणून" आणि "कारण" जास्त वेळा आलं तर आजीलाही बरोबर न्या.