ससेपालन : गाभण मादीची ओळख आणि वेताची तयारी

पाळीव सशाच्या (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) मादीला गाई-म्हशींसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. समागम झाल्यावर त्याच्याच प्रेरणेने साधारण १०–१२ तासांत बीजे सुटतात. त्यामुळे गाभण राहिल्याची तारीख जवळजवळ बिनचूक सांगता येते. गर्भकाळ २८ ते ३२ दिवसांचा, बहुधा ३१. पुढची सगळी लक्षणे या तारखेला धरूनच पाहायची. पिंजऱ्यावरच्या कार्डावर ती लिहिलेली नसेल तर अनुभवी माणूसही फसतो. (माळरानावरचा रानससा वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याची पिल्ले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्याने पकडून पाळता येत नाही.)

न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला यांसारख्या मांसल जातींची मादी ५–६ महिन्यांची झाल्यावर नराला दाखवतात. नर महिनाभर मोठा असावा. मादीची योनी फिकट व कोरडी असेल तर ती सहसा नराला दाद देत नाही. लालसर, फुगीर, ओलसर असेल तर वेळ योग्य. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नराला तिच्याकडे सोडले तर आपली हद्द राखायला ती त्याला चावते. समागम काही सेकंदांत उरकतो आणि नर एका कुशीवर कोसळतो. असे पडणे दिसले नाही तर तारीख लिहू नये. कडक उन्हाळ्यात नराचे वीर्य निकृष्ट होते आणि त्याचा परिणाम ऊन ओसरल्यावरही काही आठवडे राहतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमधल्या लावण्या (मादी नराला दाखवणे) म्हणूनच फुकट जातात.

खरी परीक्षा १२ ते १४ व्या दिवशी पोट चाचपून होते. मादीला सपाट, खरबरीत जागेवर बसवून एका हाताने खांद्यावरची सैल कातडी धरावी. दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढे नेऊन अंगठा व बोटे यांच्यामध्ये पोट हलकेच सरकू द्यावे. गर्भ द्राक्षाएवढे, मऊ, बोटांतून निसटणारे लागतात. लेंड्या त्यांहून लहान, टणक आणि कण्याकडच्या बाजूला असतात. नवशिके त्यांनाच पिल्ले समजतात. दाब जास्त पडला तर गर्भ दगावतात. मादी पुन्हा नराकडे नेऊन पाहण्याची पद्धत सर्रास चालते, पण ती भरवशाची नाही: गाभण मादीही कधी कधी नर घेते. वजनवाढ आणि चिडचिड ही दुय्यम लक्षणे.

समागमातून किंवा माद्या एकमेकींवर चढल्यानेही बीजे सुटून गर्भ मात्र राहत नाही, असे होते. ही खोटी गाभण. ती १६–१८ दिवस टिकते आणि शेवटी मादी चक्क केस उपटून घरटे करू लागते. १७ व्या दिवशी केस दिसले तर विण्याची पेटी पिंजऱ्यात ठेवण्याची घाई नको. काही दिवसांत ती मादी पुन्हा नराला दाखवता येते.

खऱ्या गाभणीसाठी पेटी २७–२८ व्या दिवशी ठेवावी. आधी ठेवली तर मादी तिचा संडास करते, उशीर झाला तर पिल्ले जाळीवर पडून गारठतात. मध्यम जातीला सुमारे ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद पेटी पुरते. तळाला पाणी निथळण्यापुरती भोके आणि पुढची कड १५ सेंमी उंच, म्हणजे सडाला चिकटलेले पिल्लू आईबरोबर बाहेर ओढले जात नाही. आत भाताचा कोरडा पेंढा घालावा. बुरशी लागलेला किंवा धुळीचा भुसा नको. मादी तोंडात काड्या धरून फिरू लागते, खाणे कमी करते आणि पोटाचे केस उपटून अंथरते. त्याने सडही मोकळे होतात. पहिलटकरीण कधी कधी केस काढतच नाही. अशा वेळी विल्यावर तिच्या पोटाचे सैल केस हलक्या हाताने काढून पेटीत घालतात.

मादी बहुधा रात्री किंवा पहाटे विते, अर्ध्या तासात उरकते. सकाळी तिला बाजूला चारा टाकून पेटी तपासावी, मेलेली पिल्ले व वार काढून टाकावी. पाणी संपले किंवा कुत्र्या-मांजराने घाबरवले तर ती पिल्ले खाते. ३२ दिवस उलटूनही वेत नसेल तर पशुवैद्याला बोलवावे. एक-दोनच मोठे गर्भ असले की ते अडतात. आई पेटीत बसत नाही म्हणून घाबरू नये. ती दिवसातून एकदा, कधी दोनदा, तेही जेमतेम ३–५ मिनिटे पाजते. पिल्लांची पोटे गोल, ताणलेली असली की दूध मिळते आहे. सुरकुतलेली, चुळबुळणारी पिल्ले उपाशी समजावीत.