मांजर, खोके आणि पुठ्ठा

प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आणलेल्या मांजराला पहिले काही दिवस फार जड जातात. वास परका, आवाज परके, माणसे अनोळखी, आणि जाळीपलीकडे आणखी अनोळखी मांजरे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा १९ मांजरांवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १० मांजरांच्या पिंजऱ्यात लपण्यासाठी एक खोके ठेवले होते आणि उरलेल्या ९ मांजरांना ते दिलेले नव्हते. त्यानंतर दोन आठवडे प्रत्येक मांजराच्या ताणाची नोंद ठरावीक मोजपट्टीवर घेतली गेली. कान कसे आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारल्या आहेत, पोट जमिनीला चिकटले आहे की मोकळे आहे, शेपूट अंगाशी घट्ट धरली आहे का, श्वास कसा चालला आहे, अशा बाह्य खुणांवरून पूर्ण निवांतपणापासून पराकोटीच्या भीतीपर्यंत सात पायऱ्यांत ताण मोजणारी ही पद्धत १९९७ पासून निवाऱ्यांमध्ये वापरात आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दोन्ही गटांतील फरक स्पष्ट झाला. खोके मिळालेली मांजरे लवकर सावरली होती. खोके न मिळालेल्यांना तेवढे सावरायला बराच अधिक काळ लागला. चौदाव्या दिवशी मात्र दोन्ही गटांची सरासरी जवळपास सारखीच झाली.

या प्रयोगातील खोके मांजराला कायमचे सुखी करत नाही. नव्या जागेची भीती ओसरायला लागणारा वेळ ते कमी करते. त्याच विद्यापीठातील गटाने २०१९ साली २३ मांजरांवरील आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हाही खोके मिळालेली मांजरे लवकर स्थिरावली. पण पहिल्या आठवड्यात जवळजवळ सर्वच मांजरांचे वजन घटले आणि खोके असल्या-नसल्याने त्यात फरक पडला नाही. पुठ्ठ्याच्या चार भिंती मनावरचा ताण हलका करतात. भूक परत आणण्याचे काम त्या करत नाहीत. अशा संशोधनाच्या बातम्यांत हा दुसरा निष्कर्ष सहसा गाळला जातो, आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

लपण्याने मांजर शांत का व्हावे, याचे उत्तर त्याच्या पूर्वजांच्या राहणीत आहे. आपल्या घरातील मांजर आफ्रिकी-आशियाई रानमांजरापासून आले. सुमारे चार-पाच किलो वजनाचा, एकट्याने शिकार करणारा हा प्राणी उंदीर-सरड्यांचा कर्दनकाळ असला तरी कोल्हे, मोठे शिकारी पक्षी आणि मोठ्या मार्जारवर्गीयांचे तो स्वतः भक्ष्य आहे. ही गोष्ट आपल्याकडे दूरची नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात उसाच्या शेतांमधून वावरणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात पाळीव कुत्र्यांबरोबर पाळीव मांजरेही आढळली. शिकारी आणि शिकार अशा दोन्ही भूमिका एकाच देहात असलेल्या प्राण्याला अशी जागा सोयीची, जिथे पाठ आणि दोन्ही बाजू झाकलेल्या आहेत आणि समोरचे मात्र सगळे दिसते. तिथे बसून शिकारीवर झडप घालता येते आणि स्वतःवर मागून झडप पडण्याचा धोका उरत नाही.

कळपात राहणाऱ्या प्राण्यांकडे भांडण मिटवण्याच्या अनेक रीती असतात. कुत्रा शेपूट हलवून, मान खाली घालून, समोरच्याला चाटून समेट करतो. एकट्याने राहण्यात घडलेल्या मांजराकडे असा साठा तुटपुंजा आहे, त्यामुळे तणावाच्या प्रसंगी बाजूला होणे आणि दिसेनासे होणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो. कॅथी कार्लस्टेड आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रयोगशाळेतील मांजरांवर केलेल्या अभ्यासात ही गोष्ट शरीराच्या पातळीवर दिसली. वेळापत्रक मुद्दाम बेभरवशाचे केले, कोणत्या क्षणी काय होईल हे मांजरांना कळेनासे झाले, की त्यांच्यातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण वाढे. आणि जी मांजरे अधिक वेळ लपून राहत, त्यांच्यात ते कमी आढळे. म्हणजे लपणे हा मांजराच्या दृष्टीने परिस्थिती हाताळण्याचा कामाचा मार्ग आहे आणि तो बंद केल्यास शरीर त्याची किंमत मोजते. मांजर ‘माणूसघाणे’ झाले असे समजून पलंगाखालून ओढून काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

‘मांजर पिल्लांना सात घरे फिरवते’ असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या म्हणतात. आकडा सोडून द्यावा, पण निरीक्षण पक्के आहे. व्यालेली मांजरी माळ्यावरची अडगळ, कपाटाचा तळ, लाकडांच्या ढिगामागची खोबण किंवा एखादे विसरलेले खोके निवडते आणि चाहूल लागली, जागा घाण झाली किंवा माणसांची वर्दळ वाढली, की पिल्लांना मानेला धरून दुसरीकडे हलवते. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात, साधारण आठवडा-दहा दिवसांनी ते उघडतात, आणि सुरुवातीच्या काळात स्वतःच्या शरीराचे तापमान राखणेही त्यांना जमत नाही. त्यामुळे अरुंद, अंधारी, कोरडी आणि ऊब धरणारी जागा म्हणजे सुरक्षितता, हा मांजराच्या आयुष्यातील अगदी पहिला अनुभव असतो.

या उबेवरून अनेकदा असे स्पष्टीकरण दिले जाते की मांजराला खोके आवडते ते केवळ त्यातल्या गरमीसाठी. त्याला आधार आहे. शरीराचे तापमान राखण्यासाठी ज्या हवामानात कसलाही जादा खर्च करावा लागत नाही, ती मर्यादा मांजरासाठी सुमारे ३० ते ३८ अंश सेल्सियस आहे. आपल्याला सुखद वाटणारी २२-२४ अंशांची खोली मांजरासाठी थोडी गारच असते. नालीदार पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी थर असतो, त्यात कोंडलेली हवा उष्णता सहज वाहून नेत नाही, आणि आत अंग मुडपून बसलेल्या मांजराच्या स्वतःच्या उबेने ती लहानशी जागा पटकन गरम होते. युरोपातील किंवा अमेरिकेतील हिवाळ्यात, किंवा पुण्या-नाशकाच्या जानेवारीतल्या रात्री, हे पुरेपूर पटते. पण मुंबईच्या दमट उकाड्यात, जिथे दुपारची हवाच मांजराच्या सोयीच्या पट्ट्यात असते, तिथेही नवे खोके जमिनीवर टेकताच मांजर त्यात शिरते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तेच मांजर खोके सोडून मोरीजवळच्या गार फरशीवर आडवे पसरलेले दिसेल, हेही खरे. ऊब हे खोक्याच्या आकर्षणाचे एक कारण आहे आणि ते ऋतूप्रमाणे कमी-अधिक होते. आडोसा मात्र बाराही महिने हवा असतो, असे मला या सगळ्यावरून वाटते.

भिंती नसलेल्या चौकोनातही मांजर बसते, हे मग कसे? जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या चौकोनात मांजर जाऊन बसते, हा प्रकार अनेक पाळणाऱ्यांनी पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजशी संबंधित गॅब्रिएला स्मिथ आणि सहकाऱ्यांनी महामारीच्या काळात याच गोष्टीचा प्रयोग लोकांकडून त्यांच्या घरीच करवून घेतला. मालकांनी कागदी आकृत्या कापून जमिनीवर चिकटवायच्या, स्वतः काळा चष्मा लावून मांजराशी नजरानजर टाळायची आणि मांजर कुठे बसते त्याचे चित्रीकरण पाठवायचे. आकृत्या तीन प्रकारच्या होत्या. एक खरा चौकोन. दुसरा आभासी चौकोन, ज्यात रेषा नसतात, फक्त चार कोपऱ्यांवर घास कापून काढलेल्या वर्तुळाकृती अशा मांडलेल्या असतात की डोळ्याला मधे चौकोन भासतो. आणि तिसरी, त्याच आकृत्यांची तोंडे बाहेर वळवून आभास मोडलेली मांडणी. मांजरे आभासी चौकोनात जवळपास खऱ्या चौकोनाइतकीच बसली, आणि आभास मोडलेल्या मांडणीपेक्षा पुष्कळ अधिक.

२०२१ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मोहक आहे, पण तो जपून वापरावा. सुरुवातीला पाचशेहून अधिक मांजरांची नावनोंदणी झाली होती, सर्व फेऱ्या पूर्ण केल्या अवघ्या ३० मांजरांनी, आणि त्यांपैकी एकदा तरी कोणत्याही आकृतीत बसली ती फक्त ९. मांजरांवर प्रयोग करणाऱ्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. नसलेल्या कडांचा आभास मांजराच्या दृष्टीला होतो, एवढे या प्रयोगातून म्हणता येते. चौकोनाची ओढ कुठून येते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

बसण्याइतकेच मांजराला पुठ्ठा ओरबाडणेही प्रिय असते, आणि त्यामागचे शरीरशास्त्र अधिक गुंतागुंतीचे आहे. मांजराचे नख विश्रांतीच्या वेळी लवचिक अस्थिबंधांच्या ताणाने आपोआप आत ओढलेले असते. ते बाहेर काढण्यासाठी बोटे वाकवणाऱ्या स्नायूंना काम करावे लागते. नखाचे केराटिनचे आवरण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरांवर थर चढत वाढते. नख वापरात असताना बाहेरच्या थरात सूक्ष्म भेगा पडतात, आणि ओरबाडताना बसणाऱ्या ओढीने हा जुना थर टोपीसारखा निघून येतो. आतून नवे, अणकुचीदार टोक उघडे पडते. मांजर नखांना धार लावते असे आपण म्हणतो, पण तिथे घासून काही झिजत नाही. बोथट झालेला बाहेरचा थर टाकून दिला जातो, एवढेच. मांजराच्या आवडत्या कोपऱ्यात सापडणारी चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले म्हणजे हेच थर. मागच्या पायांच्या नखांचे जुने थर मांजर दातांनी चावून काढते, म्हणून सोफ्यावरचे ओरखडे पुढच्याच पंजांचे असतात.

पुठ्ठ्याचे तयार स्क्रॅचर, म्हणजे मांजराने ओरबाडण्यासाठी केलेली वस्तू, नीट पाहिले तर त्यात पट्ट्या आडव्या न ठेवता उभ्या लावून एकमेकींना चिकटवलेल्या दिसतील. त्यामुळे नालीदार थराची उघडी तोंडे वर येतात. सपाट पुठ्ठ्यावरून नख घसरते. उघड्या नाल्यांमध्ये ते अडकते, ओढताना पुरेसा विरोध मिळतो आणि शेवटी पुठ्ठा थोडा फाटतो. हे फाटणे आपल्याला नासधूस वाटते, मांजराला मात्र तेच हवे असते, कारण त्यातून खूण उमटते. गंमत अशी की नालीदार कागदाचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी घेतले गेले आणि १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या गुंडाळण्यासाठी तो वापरला. त्यातल्या कोणाच्याही डोक्यात मांजर नव्हते.

ओरबाडणे हा संदेशही असतो. पंजाच्या बोटांमधील ग्रंथींतून निघणारा गंध ओरखड्यांबरोबर त्या जागी उतरतो. आलेल्या दुसऱ्या मांजराला तो नाकाने कळतो, आणि दुरून डोळ्यांना खूण दिसते. हीच रीत मोठ्या भावंडांचीही आहे. ताडोबा किंवा मेळघाटात झाडाच्या बुंध्यावर वाघाने मागच्या पायांवर उभे राहून काढलेले उभे ओरखडे वनरक्षक वाघाच्या वावराची खूण म्हणून नोंदवतात. घरातले मांजर झोपण्याच्या जागेजवळ, दाराशी, किंवा माणसे जिथे सर्वाधिक वेळ बसतात त्या सोफ्याच्या कोपऱ्यावर ओरबाडते, त्याचे कारण हेच. संदेश वर्दळीच्या ठिकाणीच लावायचा असतो. म्हणून महागडा स्क्रॅचर बाल्कनीच्या एका टोकाला ठेवला तर तो कोराच राहतो आणि सोफा फाटतो. जुना, चिंध्या झालेला स्क्रॅचर एकदम फेकून देऊन जागा मोकळी करणेही चुकीचे. नवा त्याच्या शेजारी काही दिवस ठेवावा आणि मांजर तो वापरू लागल्यावर जुना काढावा.

सर्वच मांजरांना पुठ्ठा सर्वाधिक आवडतो असे मात्र नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ४३३१ पाळणाऱ्यांच्या उत्तरांवर आधारलेल्या पाहणीत बहुतेक मांजरांचा कल दोरी गुंडाळलेल्या उभ्या खांबाकडे दिसला. खांब सुमारे तीन फूट किंवा त्याहून उंच असेल तर नको त्या जागी ओरबाडणे कमी आढळले, आणि वय झालेल्या मांजरांमध्ये गालिच्यासारख्या पृष्ठभागाची पसंती वाढलेली होती. उलट अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठात लहान पिल्लांपुढे वेगवेगळे स्क्रॅचर ठेवले, तेव्हा त्यांनी इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचा पुठ्ठ्याचा स्क्रॅचर सर्वाधिक वापरला. वय, सवय आणि अंग ताणण्याची ढब यांप्रमाणे आवड बदलते, तेव्हा एक आडवा पुठ्ठा आणि एक भक्कम, न डगमगणारा उभा खांब असे दोन्ही देऊन मांजरालाच निवडू द्यावे. नखांचा त्रास मिटवण्यासाठी काही देशांत नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करत; तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते, म्हणून अनेक देशांनी ती बेकायदा ठरवली आहे आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली तिच्यावर बंदी घातली.

खोके मांजराला देण्यापूर्वी त्याच्या स्टेपलच्या पिना, चिकटपट्टी आणि दोरे काढावेत. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडे आवळू शकतो आणि मग बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. घरात एकाहून अधिक मांजरे असतील तर खोक्याला दोन दारे कापावीत, नाहीतर आतल्या मांजराची वाट दुसरे मांजर अडवून बसते. कुत्र्यांच्या किंवा लहान मुलांच्या घरात खोके उंचावर, घट्ट बसवून ठेवणे अधिक चांगले. आत बसलेल्या मांजराला हात घालून बाहेर काढू नये. ती जागा निर्धास्त आहे हा त्याचा अनुभव एकदा मोडला, की त्या खोक्याचा उपयोग संपतो. एरवी खोक्यातून ये-जा करणारे, खेळणारे मांजर अचानक दिवसभर आतच राहू लागले आणि त्याने अन्नही सोडले, तर त्याला केवळ लपण्याची हौस समजू नये. दुखणारे मांजरही असेच लपते, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासानेही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होऊ शकतो. अशा वेळी खोक्यासकट ते उचलून पशुवैद्याकडे नेले तरी चालेल. प्रवासात त्याला तेवढाच ओळखीचा आडोसा मिळतो.